मागच्या डोंग्याने दम धरला नाही

आमची नात दामिनी चामोर्शीच्या बाजारात मासळी विकून येते, हात धुते आणि सूर्याकडे बसते. म्हणजे लॅपटॉपसमोर. सूर्यातून कधी कधी तापलेल्या वायूचा मोठा लोट उसळतो. तो पृथ्वीपर्यंत यायला दोनतीन दिवस घेतो. वाटेतल्या त्या लोटाचे फोटो अवकाशातलं यान पाठवतं, आणि देशोदेशीची हौशी माणसं त्यावर लोटाची कड आखतात. त्यात आमची दामिनी. गडचिरोलीच्या कॉलेजात असताना तिला हा नाद लागला. मला विचाराल तर फोटोत राखेवर फुंकर मारल्याएवढंच दिसतं. पण तिनं बोट ठेवलं की मलाही कड दिसते, आणि मग मी गावभर सांगत सुटतो.

एका उन्हाळ्यात हे सांगणंच अंगाशी आलं. शुक्रवारी तळ्याची मोजणी ठरली होती. शिंगाड्याचा उथळ काठ आमच्या मच्छीमार सोसायटीचा, की शेजारच्या धानाच्या बांधीतला, ते त्या मोजणीवर ठरणार. मोजणीचं मशीन आपली जागा उपग्रहांना विचारतं, आणि सूर्याचा लोट आदळला की त्यांचं सांगणं बिघडू शकतं. दामिनीनं एकामागून एक निघालेले दोन लोट पाहिले होते. "शनिवारच्या आधी येत नाई," ती म्हणाली. मी ते सोसायटीत मोठ्यानं सांगून आलो.

गुरुवारी दुपारी तिची हाक आली. "आबाजी, मी चुकली. मागचा पुढच्याले जाऊन भिडला. आता उद्याच पोचन."

"पन काऊन चुकली?"

"आपल्या डोंग्यावानी समजली मी."

आता हे सांगावंच लागेल. आमच्या तळ्यात कमळवेल फार. पहिला डोंगा, म्हणजे आमची लहान होडी, वेल सारत जातो, मागच्याला मोकळी वाट मिळते. तो पळू शकतो, पण त्यानं दम धरायचा, हा आमचा रिवाज. माझ्या लहानपणी मागच्या डोंग्यातल्या बिरजूनं तो मोडला नि माझा बाप जाळ्यासकट पाण्यात! विड्या भिजल्या म्हणून बाप किती दिवस त्याच्याशी बोलला नाही. पोरीच्या अंगात तोच रिवाज मुरलेला. पहिल्या लोटानं वाट झाडून दिली, मागचा सुसाट आला, आणि हिनं मनातल्या मनात त्याला दम धरायला लावला होता.

ती स्वतः सोसायटीत गेली. अध्यक्ष कुंताबाईची जीभ गळापेक्षा टोकदार.

"परवा म्हने शनिवार, आज म्हनते शुक्रवार. तुह्या सूर्याची बस लवकर सुटली का व?"

"सूर्य नाई मावशी, मी चुकली. मोजणी पुढं ढकला."

"अन् पावसाच्या पाण्याआधी मोजणीवाला परत नाई आला तं? शिंगाडे तू देशीन?"

दामिनी म्हणाली, "मोजू द्या. पन घडीघडी हद्दीच्या दगडावर मशीन परत ठेवाले सांगा. दगड तं हालत नाई."

शुक्रवारी सकाळी मशीन ठेवून पाहिलं, दगड जागच्या जागी. कुंताबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पळस न्याहाळू लागलो. निम्मा काठ मोजून झाला. दुपार कलली, मशीन पुन्हा दगडावर ठेवलं, तर मशीनच्या हिशेबी दगड तळ्यात उतरलेला!

"आंघोळीले गेला का?" कुंताबाई म्हणाली.

मोजणीवाल्यानं डोकं खाजवलं, परत ठेवून पाहिलं. दगड आणखी भलतीकडे. त्यानं दुपारची सगळी मापं स्वतःच रद्द केली आणि सोमवारी आला. त्या दिवशी दगडही शहाण्यासारखा जागेवर होता. काठ तळ्यात निघाला, म्हणजे आमच्या सोसायटीचाच.

आता मोजणी नसली तरी डोंगा पाण्यात लोटताना कुंताबाई काठावरून ओरडते, "दामिनी, वरचा मागचा डोंगा दम धरून राह्यला का व?"

आणि दामिनी आधी फोटो पाहून येते, मगच उत्तर देते.