फाटका कोपरा

"वाचलंत? मग फाडा आता." हे त्यांचं पालुपद. समोर भेटले तरी हेच, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटीही हेच.

ते देहूरोडला लष्करी कोठारात कारकून, मी चिंचवडला ड्रॉइंग मास्तर. पुण्याच्या एका साप्ताहिकात ते टोपणनावाने चित्रांवर लिहीत. त्यांच्या लेखणीला भलेभले चित्रकार कापत, आणि हे फाटकावरच्या शिपायाला कापत. कोठाराच्या आतलं काही कागदावर काढलं तर नोकरी जायची, बेड्याही पडायच्या. घरी बायको, दोन मुली. पण हाताला कोण आवरणार? एखाद्या चित्राची मांडणी मला समजावताना पत्राच्या समासात पेट्या उचलणारे हमाल उतरत, शेडची छपरं उतरत, साहेबाच्या मिशाही उतरत.

मी पत्रं फाडत नाही, हा त्यांना संशय होताच. मग त्यांनी शक्कल काढली. मयताची बातमी कळवताना पत्राचा कोपरा फाडतात आणि तसलं पत्र कोणी घरात ठेवत नाही, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. ते प्रत्येक पाकिटाचा कोपरा फाडून पाठवू लागले. पोस्टमन माझ्याकडे दयेने पाही. त्याच्या लेखी वर्षभरात माझं निम्मं गोत संपलं होतं.

एके दुपारी साध्या कपड्यातला पोलीस दारात आला. "मास्तर, देहूरोडावरनं पत्रं येत्यात म्हनं तुमाला?"

कालचंच पाकीट टेबलावर होतं. आत अख्खी शेड होती, दारांसकट. त्याने हात पुढे केला, कोपरा पाहिला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"कोन गेलं?"

"चुलते."

"लई वाईट झालं," म्हणत तो पाणीही न घेता गेला.

पुढच्या भेटीत मी हे सांगितलं, तेव्हा ते मटकन खालीच बसले. "चुलत्याला मारलंत, बरं केलंत. पण फाडलंत ना, मास्तर?"

"फाडलं," मी म्हणालो. पत्रं ट्रंकेत होती, सगळी. त्या दिवसापासून दारावर थाप पडली की मी आधी ट्रंकेकडे पाहू लागलो.

पुढे असंच आणखी एक पाकीट आलं. कोपरा पाहून मी हसलो. पत्ता कोणाच्या अक्षरात आहे तेही पाहिलं नाही. मुलांच्या परीक्षेची चित्रं तपासायची होती, म्हणून तसंच ट्रंकेत टाकलं. तिसऱ्या दिवशी उघडलं. आत चित्र नव्हतं. वहिनींच्या हातच्या दोन ओळी होत्या. तोवर सगळं उरकलं होतं. मला त्यांचं अखेरचं तोंडही दिसलं नाही.

आता ती पत्रं पुण्याच्या एका संग्रहात जपून ठेवली आहेत. तिथल्या बाईंनी विचारलं, "सर, इतक्या पाकिटांचे कोपरे कसे गेले? उंदीर?"

मी मान डोलावली. संग्रहात दोन ओळींचं एक पत्र कमी आहे. त्यांचं पालुपद ऐकून मी तेवढं एकच फाडलं.