भोपळ्याची साक्ष

आमच्या समोर राहणाऱ्या टेलरबाईंचा वहीवर विश्वास नाही. वही कापडाच्या ढिगाखाली जाते, भिंत जात नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं त्या शिवणयंत्राशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहीत आल्या. नाव कुणाचंच नाही. कुणाचा घेर किती हे दुसऱ्याला कळू नये म्हणून नावाच्या जागी चित्र. वकिलीणबाईंची छत्री, सुताराच्या बायकोची मांजर. माझ्यापुढे भोपळा. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाल्या, "बदलते हो, तुम्ही आधी आकार बदला."

बाईंच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या पलीकडच्या घरात 'कारागीर' राहतो. जन्मभर कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर हातोडी घेतली. आम्ही त्याला चिडवायला कारागीर म्हणतो, तो ते कौतुक समजतो. त्याला फळी ठोकायची होती. घराची बाहेरची भिंत मोजली, नऊ इंच भरली. म्हणजे मधलीही नऊच असणार, असा हिशोब करून त्यानं तेवढेच लांब खिळे ठोकायला घेतले. मधली भिंत चार इंचांची. तिसऱ्या खिळ्याला खिडकीएवढा तुकडा बाईंच्या यंत्रावर कोसळला आणि भोकातून कारागिराचं तोंड दिसलं.

"लागलं नाही ना कुणाला?" तोंडानं विचारलं.

बाई हातात कात्री घेऊन उभ्या होत्या. मी धावत गेले तेव्हा वाटलं, आता लागेल.

पण बाईंनी राग गिळला. छत्रीवाल्या वकिलीणबाई म्हणाल्या, "दावा लावा, नुकसान उघड आहे." गल्ली म्हणाली, शेजार आहे, मिटवा. गल्लीत सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणालं? मीच. रोज सकाळी दोन्ही घरांच्या बातम्या मला लागतात, भांडण झालं तर एक दुकान बंद! बाई म्हणाल्या, "भाऊंच्या हातून चुकून झालं. पडलं ते गेलं. उरलेलं कागदावर उतरवून घेते." आणि दुसऱ्या दिवशी मोठे कागद आणायला बाजारात गेल्या.

त्यांच्या घराची किल्ली कारागिराकडे असते. वीस वर्षं असते.

दोन तासांनी बाईंची किंकाळी ऐकू आली. मी चप्पल न घालता गेले. भोक बुजवलेलं होतं आणि अख्खी भिंत, वरपासून खालपर्यंत, पांढरीशुभ्र. ओली. छत्री नाही, मांजर नाही, भोपळा नाही. कारागीर ब्रश धुवत उभा.

"बघा, कशी नवी करून दिली! किती घाण झाली होती, नुसत्या रेघोट्या."

"भाऊ," बाईंचा आवाज इतका खाली गेला की मीच घाबरले, "त्यात चष्मा होता."

चष्मा म्हणजे गल्लीच्या टोकाची अंथरुणाला खिळलेली आजी. तिला उठवून बसवलं की ती कळवळते. म्हणून बाई सहा वर्षं तिचे झगे भिंतीवरच्या मापानं शिवतात, तिला कुणी हात लावायला नको. आता पुन्हा टेप घेऊन तिच्या अंगाशी जायचं.

"अहो, म्हाताऱ्या बाईला काय, सैल शिवा," कारागीर म्हणाला. "मी चांगलं करायला गेलो, आणि तुम्ही आभार मानायचे सोडून..."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाईंच्या तर हातातले कागद चुरगळले.

त्याच संध्याकाळी वकिलीणबाई आल्या. "पुरावाच रंगवला की हो! आता भिंतीवर काय होतं हे सांगणारी माणसं लागतील. प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, माझं माप तिथं होतं, इतकं होतं."

जमलेली गल्ली दाराकडे सरकू लागली. भर कोर्टात कंबर सांगायची? सुताराच्या बायकोला एकदम माहेरी जायचं आठवलं. मी म्हटलं, "बाई, किती वर्षांचा शेजार. जाऊ द्या ना."

"तुमच्या कंबरेची लाज राखायला मी गप्प बसू?" बाई माझ्यावर उसळल्या. "तीस वर्षं मी कुणाचा आकडा तोंडातून काढला नाही. कुणाचा खांदा उतरलाय, कुणाला पाठीवर कापड टोचतं, सगळं पोटात ठेवलं. आणि आज माझ्यासाठी एक आकडा बोलायचा तर सगळ्यांची दातखीळ बसली?"

माझा भोपळा होता त्या पांढऱ्या जागेकडे मी पाहिलं.

तेवढ्यात कारागीर तणतणत आत आला. "ऐकलं ते खरं? चुकून पडलेल्या भिंतीसाठी कोर्ट? शेजाऱ्यावर?"

वकिलीणबाईंनी टेबलावर ठेवलेलं वकीलपत्र बाईंनी पुढे ओढलं. "भिंत तुमच्या हातून पडली, साहेब, त्याची केस नाही. ती मी कालच सोडली होती." वीस वर्षांत पहिल्यांदा त्या त्याला भाऊ म्हणाल्या नाहीत. "किल्ली लावून आलात, न विचारता माझं काम पुसलंत, आणि वर आभार मागताय. ते चुकून नव्हतं. आधी किल्ली ठेवा इथं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असणार, ही नेहमीसारखी विनोद करून मिटवेल. मीही तोंड उघडलं होतं, पण विनोद आलाच नाही. चष्मेवाल्या आजीचं कळवळणं आलं.

"ठेवा की किल्ली," मी म्हटलं. "ब्रश बरा पटकन सापडला होता, किल्ली का सापडत नाही?"

किल्ली टेबलावर आपटून तो गेला. बाईंनी सही केली. पेन्सिलीनं नाही, पेननं. मग गळ्यातला टेप काढून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"कोर्टात जुना आकडा सांगाल. नवा मला लागेल. हात वर करा."

मी हात वर केले. पोट आत ओढलं.

"सोडा ते," बाई म्हणाल्या. "खोटी साक्ष नकोय मला."