मामांनी सोडलेला डाव

हरलेला डाव माणसं विसरतात. माझ्या मामेसासऱ्यांनी मात्र तो लेकरासारखा सांभाळला. एकोणीसशे नव्वदच्या आसपास मनमाडच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत, शेवटच्या फेरीत, त्यांनी एका रेल्वेवाल्यासमोर डाव सोडला आणि खुर्चीतून उठता उठता त्यांच्या मनात आलं, घोडा मागे घेतला असता तर वाचलो असतो! तेव्हापासून ओझरच्या कारखान्यातली नोकरी हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग झाला. नाशिकच्या घरी बैठकीत पट कायम मांडलेला. "लोकांचे गणपती दहा दिवसांत उठतात," मामी म्हणत, "आमचा बसलाय तो बसलाय."

येईल त्याच्यापुढे चहाआधी काळ्या सोंगट्या येत. विमा एजंट असो वा लग्नाची पत्रिका घेऊन आलेला व्याही, त्यानं रेल्वेवाल्याच्याच चाली करायच्या. मी एकदा अक्कल चालवून उंट सरकवला. "जावईबापू, इतिहास बदलायचा नसतो," म्हणत मामांनी तो जागेवर ठेवला. आपल्याकडे तो दर निवडणुकीला बदलतो, हे मी मनातच ठेवलं. डाव सोडला त्या जागी आलं की घोडा मागे घेऊन पुढचं ते दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळत. डाव बरोबरीत सुटे, पण खात्री पटत नसे. कॉम्प्युटरला विचारू म्हटलं तर म्हणाले, "तो होता का मनमाडला?" नवा डाव मात्र कुणाशीच खेळत नसत. "आधी हा सुटू दे." मामींचा जीव तुटे तो यासाठी. एवढा हौशी माणूस, आणि खेळणंच बंद.

मग पुढे आम्ही मनमाडलाच एका लग्नाला गेलो, तिथे मामांना तो रेल्वेवाला पंगतीत दिसला. मामा जिलबी टाकून उठले.

"ओळखलंत? मी तुमच्यासमोर डाव सोडला होता!"

"असं का? आठवत नाही बुवा."

मामांचा चेहरा पडला. तरी जेवणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून लोहचुंबकाचा छोटा पट काढला, तो प्रसंग मांडला आणि घोडा मागे घेतला. रेल्वेवाल्यानं पान चघळत प्यादं पुढे ढकललं.

"छे, छे! इथे हत्ती आणायचा!" मामा कळवळले.

"माझ्या वतीनंही तुम्हीच खेळता का, साहेब?"

मामांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग फक्त आपल्याच चाली खेळले, आणि थोड्याच वेळात हरले.

परतीच्या गाडीत मामींनी हळूच विचारलं, "वाचला असता का हो डाव?"

"नसता गं," मामा म्हणाले. हरलेला माणूस इतका हलका झालेला मी कधी पाहिला नव्हता. "रविवारी येतो म्हणालाय तो. नवा मांडू."

मामी खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "मग जेवायलाच बोलवा ना त्यांना."