आधी वाजव, मंग वाक

आमच्या गुरुजींच्या सत्काराची पत्रिका मी अजून फाडलेली नाही. तिच्याकडे पाहिलं की डोकं फिरतं, आणि ते फिरत राहावं म्हणूनच ठेवली आहे.

कारंज्यात गुरुजींनी उभी हयात व्हायोलिन शिकवलं. कापसाच्या बाजारातली कारकुनी सांभाळून, सकाळ-संध्याकाळ. त्यांचा एक शिष्य मुंबईत सिनेमांसाठी वाजवतो, एकाचे नागपुरात क्लास आहेत, एक जणी परदेशातल्या पोरांना फोनवरून शिकवते. मी अमरावतीत शाळेवर आहे. त्यांच्या घरात कायदा एकच: पाया पडायचं ते वाजवून झाल्यावर. आल्या आल्या कोणी वाकलं की ते पाय मागे घेत. "आधी वाजव, मंग वाक. वाजवलंच नाही तं कायचा नमस्कार?" गुरुपौर्णिमेलाही तेच. नुसता पेढ्यांचा पुडा आणणारा दारात उभा, व्हायोलिनचं खोकं आणणारा आत.

सत्काराआधी त्यांचा मला फोन आला. डावा कान केव्हाच गेला होता, आता उजवाही चालला होता. "मले हार-गिर नको. सारे मिळून एक डाव यमन वाजवा, आयकू येते तोवर. एवढं सांगजो त्याईले."

जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं काही मागितलं होतं.

मी नागपूरच्या गुरुबंधूला सांगितलं, सगळं त्याच्याच हातात होतं. त्यानं पत्रिकेत छापलंही, 'शिष्यांचे सहवादन', सगळ्यात शेवटी. त्याआधी नऊ भाषणं. नऊ! आणि स्पीकर गुरुजींच्या उजव्या कानाला लागून. तो हलवा म्हणून मी साउंडवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "मॅडम, सायेब येऊन राह्यले, आता काही हालत नाही."

प्रत्येक जण माइक तोंडात घातल्यासारखा ओरडला की मी जो काही आहे तो गुरुजींमुळे. खोटं नव्हतं हो ते, म्हणून तर जास्त संताप येतो. मग गुरुबंधूनं घड्याळ पाहिलं आणि वेळेअभावी वादन रद्द केलं. एकानंही हूं का चूं केलं नाही. करणार कसं? वाद्य आणलंच नव्हतं कोणी. मुंबईहून फेटा बांधून यायला जमलं, व्हायोलिन तेवढं जड झालं! माझं होतं, पण खाली गाडीत. रद्द म्हटल्यावर मीही मुकाट बसले. माझी लाज मी कुठे लपवू?

मग पाया पडायची रांग लागली. गुरुजींनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते. लोक सतरंजीलाच हात लावत होते, फोटो काढून पुढे सरकत होते. कोणाच्याही ध्यानात आलं नाही. माझा नंबर आला.

"खोकं कुठी हाये वं?"

"गाडीत, गुरुजी."

"मंग गाडीच्याच पाया पड."

आजूबाजूचे हसले. मी धावत खाली गेले, खोकं आणलं आणि स्टेजवरच मांडी घातली. तारा लावल्या, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवलं आणि यमन सुरू केला. मागे खुर्च्या एकात एक घालायचं काम चाललं होतं. गुरुजींनी वाकून उजवा कान माझ्या हातापाशी आणला. सगळा राग गजात उतरवून मी वाजवत होते.

थोड्या वेळानं त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "जरा जोरानं वाजव, माय. भाषणं झाले ना आता."

मी जोरानंच वाजवत होते. सांगितलं नाही. तसंच शेवटपर्यंत वाजवलं आणि गज खाली ठेवला. तो खाली ठेवलेला त्यांना दिसला. मग त्यांनी खुर्चीखालचे पाय हळूच पुढे केले.

मला वाकवेना.