कुंपणाआडची ज्वारी

होटगी स्टेशन मागं टाकून दक्षिणेला निघालं की काळीभोर जमीन लागते. ही जमीन पावसाळ्यात पोटभर पाणी पिऊन घेते आणि थंडीतली ज्वारी त्या मुरलेल्या ओलीवर वाढवते. अशा रानात रत्नम्मा बियाणं राखायची.

तिच्या गावात बियाणं राखायची रीत निराळी होती. कणसं भरली की गावातल्या बाया तिच्या रानात यायच्या. उभ्या पिकातून सावकाश हिंडायच्या आणि मनात भरलेल्या ज्वारीच्या ताटाला आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायच्या. काढणीला ते कणीस त्या बाईचं, तिच्या पुढच्या पेरणीच्या बियाण्याला. त्याचे पैसे रत्नम्मानं कधी घेतले नाहीत, तिच्या सासूनंही घेतले नव्हते. रानभर चिंध्या फडफडायला लागल्या की रत्नम्मा बांधावर उभी राहून बघायची. लेकीबाळी माहेरपणाला आल्यावर आईनं बघावं तशी.

एका पावसाळ्यात संगमेश नावाचा तरुण अधिकारी तिच्या ओसरीवर येऊन बसला. तो एका ज्वारी प्रकल्पाचा माणूस. प्रयोगशाळेत बियाच्या आतलाच गुण बदलून त्यांनी नवं वाण केलं होतं. कोवळ्या रोपाचा पोंगा खाणाऱ्या खोडमाशीला ते दाद देत नाही, असं त्यांचं म्हणणं. आता ते खऱ्या रानात पेरून बघायचं होतं. संगमेश अक्कलकोटकडचा. तो कानडीत बोलला, रत्नम्माला 'अव्वा' म्हणाला. रत्नम्माचं माहेर कर्नाटकातलं. माहेरची बोली कानावर पडली की बाई चहात साखर जास्त घालते. रत्नम्मानं रानाचा खालचा तुकडा प्रयोगाला देऊन टाकला.

"गावाला इचारावं का?" तिचा नवरा सिद्धप्पा म्हणाला होता.

"रान माझं हाय की. गावाला काय इचारायचं?"

तुकड्याभोवती जाळीचं कुंपण आलं, फाटकाला कुलूप आलं. रत्नम्माची ज्वारी आणि कुंपणातली ज्वारी जोडीनं वर आली. ताटं कमरेला लागली तेव्हा फाटकाशेजारी एक पाटी उभी राहिली. 'ग्रामस्थांच्या सहमतीने सुरू असलेला प्रयोग.'

शेजारच्या बजाबाईनं ती पाटी अक्षर अक्षर लावून वाचली आणि तशीच रत्नम्माच्या चुलीपुढं येऊन बसली.

"रत्नाक्का, माझी सहमती कुणी दिली गं?"

"लिहित्यात तसं. सरकारी पद्धत असती."

"माझ्या नावानं तू हूं म्हणालीस म्हण की. बरं झालं, लुगडं घेताना पण तूच घालून बघ, मला बसतंय का ते."

"बजे, काय झालंय ते नीट सांग."

"फुलोरा आला की वारं सुटणार. त्यांचा फुलोरा तुझ्या कणसावर पडला, तुझ्या बियातनं माझ्या रानात आला, तर मी कुणाच्या दारात जायचं? ते वाण चांगलं असंल, वाईट असंल. मला काय ठावं? मला कुणी सांगितलंय?" बजाबाई उठली. "औंदा चिंधी बांधायला मी न्हाय यायची. आनि एकटी मीच न्हाय."

भाकरी तव्यावर करपली. सासूच्या काळापासून त्या रानात येणारं गाव यंदा येणार नव्हतं.

तिनं संगमेशला फोन लावला. तो म्हणाला, फुलोरा उडू नये म्हणून कणसांना कागदी पिशव्या घालणार आहोत, काळजी नको. पिशवी फाटली तर? तसं होत नाही, अव्वा. झालं तर जबाबदार कोण? वर विचारून सांगतो. दुसऱ्या फोनलाही तो वर विचारत होता, तिसऱ्यालाही. एवढ्यात ताटं पोटरीत आली, म्हणजे कणीस पानाच्या आत फुगून बसलं. आता थोड्याच दिवसांत ते बाहेर पडणार आणि फुलणार.

"उपटून टाकू सगळं," सिद्धप्पा म्हणाला.

"मग आपुनच चोर ठरू. पेरलं त्यांनी. गावापुढं त्यांनीच उभं ऱ्हायाला पायजे."

वेळ अमावास्येचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी या भागात घरात कुणी जेवत नाही. रानात कडब्याची खोप उभी राहते, खोपीत पाच दगड पांडव म्हणून पुजतात, आणि ताकात शिजवलेली आंबील साऱ्या रानावर शिंपतात. मग येईल त्याला जेवण, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचं. रत्नम्मानं बजाबाईसकट सगळ्या बायांना बोलावलं आणि संगमेशलाही बोलावलं. जेवणाला नाही म्हणणं त्याच्या घरच्या वळणात नव्हतं. तो आला.

पूजा झाली. सिद्धप्पा आंबिलीचं मडकं खांद्यावर घेऊन हाळी देत रानभर फिरला आणि कुंपणापाशी थांबला.

"फाटक उघड, बाळा," रत्नम्मा म्हणाली. "रान कोरडं ठेवायचं नसतं आज."

"अव्वा, परक्यांना आत सोडता येत नाही. नियम आहे."

बजाबाई हळूच म्हणाली, "ऐकलं का रत्नाक्का? तुझ्या रानात तूच परकी."

रत्नम्मानं मडकं खाली ठेवायला सांगितलं. "मग हितंच बोलू. आधी माझं सांगते. हे रान देताना मी गावाला इचारलं न्हाय. वारं सगळ्यांचं असतंय, ते मी इसरले. चूक माझी. आता तुमची तुमी सांगा. वरच्याला लाव फोन. सगळ्यांना ऐकू येईल असा."

संगमेश घुटमळला, पण त्यानं फोन लावला. पलीकडून त्याच्या वरिष्ठ मॅडमचा आवाज आला. गावांशी चर्चा झालेली आहे, सोलापुरातल्या एका सभागृहात कार्यशाळा घेतली होती.

"आमच्यातलं कोण होतं तितं?"

"परिसरातले शेतकरी प्रतिनिधी होते."

"आमचं सासर, माहेर, आजोळ सगळं परिसरातच हाय," बजाबाई म्हणाली. "तरी आमाला पत्ता न्हाय."

बायांत हसू पसरलं. रत्नम्मा हसली नाही. "मॅडम, बियात बी मिसळलं तर भरून कोण देणार?"

फोनमधून कागद चाळल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "त्याबद्दल अजून ठरलेलं नाही."

"ठरलं न्हाय, तर फुलायचं न्हाय."

"जमीनमालकानं नकार दिला तर प्रयोग थांबवावा लागेल. विचार करून सांगा."

"इचार झालाय. नकार. आनि कापायचं तुमी, आमी न्हाय."

संगमेशचा चेहरा उतरला. "अव्वा, तीन वर्षं यात घातलीत मी. वाण खरंच चांगलं आहे."

"असंल की. बी वाईट हाय असं मी म्हणतच न्हाय. इचारलं न्हाय, एवढंच म्हणते. जेवून घे आता. भज्जी निवाय लागली."

तो जेवला. मान खाली घालून, पण जेवला.

दुसऱ्या सकाळी प्रकल्पाची माणसं आली. कणसं पोटरीतच होती. संगमेशनं स्वतः विळा हातात घेतला. सवय नसलेला हात, ताटं तिरपी कापली जात होती, तरी तो ओळीतून बाजूला झाला नाही. कुंपणाच्या आतच खड्डा खणून, डिझेल ओतून सगळं जाळलं. बाया बांधावर बसून बघत होत्या.

"झालं ना आता?" हात पुसत संगमेश म्हणाला.

"न्हाय झालं. जाळलं म्हणून सांगायचं सुटत न्हाय. ग्रामसभेला या. काय पेरलं हुतं, कशासाठी, सगळं सांगा. परत पेरायचं असंल तर त्याच सभेत इचारा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर न्हाय. व्हय म्हणाले, तर कुंपण घालायला मी येते."

ग्रामसभेला तो मॅडमना घेऊन आला. पारावर सतरंजी टाकली होती. इतकी वर्षं बाया सभेला पारामागच्या भिंतीला टेकून बसायच्या, त्या दिवशी रत्नम्मानं त्यांना पुढं आणून बसवलं. चिंधी बांधायला यायचं काय ठरलं, हे तिनं बजाबाईला विचारलं नव्हतं आणि बजाबाईनंही सांगितलं नव्हतं. संगमेशनं अर्धं मराठीत, अर्धं कानडीत सगळं समजावून सांगितलं. मग मॅडमनी विचारलं, कुणाला काही शंका?

बजाबाईनं पदर खोचला आणि ती उठली. "खाली बसा मॅडम. लई इचारायचं हाय."