माय नव्हे, आत्या

ट्रक सुरू झाला की आत्याबाई त्यात चढून बसायच्या. खाली उतरवायला कुणी हात दिला तर तो बाजूला सारून म्हणायच्या, “मला बी न्या मंग. पोरं चालली, मी इथं कुनासाठी भाकरी थापू?”

दिवाळी सरली की टेंभुर्णीच्या पुढे आमच्या गावात ऊसतोडीचे ट्रक येतात. तुम्हीही ते रस्त्यानं जाताना पाहिले असतील. वर खाटा-बाजा, पातेली, कोंबड्या आणि त्यांच्या मधे खोचून बसवलेली लेकरं. ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत शाळेला मुकतात. म्हणून जालन्याची एक संस्था आमच्या शाळेच्या दोन खोल्यांत तेवढ्या महिन्यांपुरतं वसतिगृह चालवायची. आईबाप तिकडे, मुलं इकडे. त्यांचा स्वयंपाक, अंघोळी, ताप, उवा, भांडणं, सगळं आत्याबाईंकडे. मी तिथला मास्तर, म्हणजे त्यांच्या मते नुसता खडू झिजवणारा.

ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, टोळी नेणारा मुकादम शिव्या गिळायचा आणि आत्याबाई बोचक्यावर मांडी घालून सुपारी कातरत बसायच्या. शेवटी एखादा बाप वैतागून पोराला खाली उतरवायचा. मग त्याही उतरायच्या आणि वर मुकादमाला “सांभाळून जाय रे बाबा” म्हणायच्या.

पोरांना एक गोष्ट सक्त मना होती. त्यांना माय म्हणायचं नाही. चुकून कुणी म्हटलंच तर पाठीत धपाटा. “माय तुही तिकडं कोयता चालवून राह्यली. मी आत्या. आत्या म्हन.” मला हे जरा अतीच वाटायचं.

त्या साली पूनमचे आईबाप ज्यात जायचे तो ट्रक काही हलेना. पूनम पाचवीत, गणितात चलाख. आत्याबाई वर बसलेल्या आणि तिचा बाप खाली हात जोडून उभा.

“आत्याबाई, हिला ठिवली तं सोनूला फडात कोन पाहीन? आमी दोघं कोयत्यावर. मागल्या साली पाचटात झोपलेलं लेकरू...” उसाच्या फडात वाळक्या पाल्यात निजलेलं मूल ट्रॅक्टर मागे घेताना दिसत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा सव्वा वर्षाचा भाऊ सोनू पूनमच्या कडेवर होता. घरी म्हातारं माणूस कुणी उरलेलं नव्हतं.

आत्याबाई उतरल्या. मला वाटलं, हरल्या. त्यांनी पूनमच्या कडेवरून सोनूला घेतलं आणि म्हणाल्या, “दोघंबी राहतीन.”

सोनूची आई ट्रकच्या फळीला धरून उभी होती. पोराकडे तिनं पाहिलंच नाही. “अंगावर पीत न्हाई आता,” एवढंच आत्याबाईंना म्हणाली आणि वर चढली.

“अहो, सहाच्या आतलं मूल ठेवायचं नाही असा संस्थेचा नियम आहे,” मी म्हणालो.

“मंग माह्या घरी ठिवते. माह्या घराला बी तुमचा नियम हाय का?”

आठवड्यानं संस्थेचे साहेब आले. या बाळाला काही झालं तर वसतिगृहच बंद पडेल आणि बाकीची पोरंही ट्रकवर जातील, असं त्यांनी बजावलं. त्यांचं खोटं नव्हतं. त्या दिवसापासून सोनू नुसता शिंकला तरी माझा जीव खालीवर व्हायचा.

सोनूला काही झालं नाही. संकट आलं ते दुसरीकडून. रविवारी त्याची आई फडातून व्हिडिओ कॉल करायची. सुरुवातीला तो तिला बघून हंबरडा फोडायचा. मग नुसता बघायला लागला. संक्रांतीनंतर तो फोन सोडून आत्याबाईंच्या बांगड्यांशी खेळायला लागला. “सोनू, इकडं पाह्य ना रे,” ती हाका मारत राहिली. मग म्हणाली, “मला वळखंना वो हा.” आत्याबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि पूनमवर उगीचच खेकसल्या.

थोड्याच दिवसांत सोनू बोलायला लागला. पहिला शब्द ‘माय’, आणि तोही आत्याबाईंना. आता दीड वर्षाच्या पोराला धपाटा कसा घालणार? त्या ओ द्यायच्या नाहीत, एवढंच. तो पदर ओढून रडायचा आणि त्या चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहायच्या. “आत्या म्हन, मंग घेते,” म्हणायच्या. तो आणखी रडायचा. मला ते बघवायचं नाही. मी वर्गात जाऊन बसायचो.

पाडव्याच्या सुमारास आईबाप परतले. आई शाळेच्या अंगणात हात पसरून उभी राहिली. उसाच्या पात्यानं चिरलेले हात. सोनूनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तो आत्याबाईंच्या पायांना जाऊन चिकटला. बाप हसला, पण ते काही खरं हसू नव्हतं. आत्याबाईंनी एकेक बोट सोडवून त्याला आईच्या कडेवर दिलं. तो असा काही किंचाळला की वर्गातली पोरं दाराशी आली. त्या मागे न बघता निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराला कुलूप. पिंपळगाव रेणुकाईला भावाकडे गेल्याचं कळलं. सोनू त्या दाराला पाठ लावून बसलेला, आईच्या हातचा घास घेईना. मला आत्याबाईंचा भयंकर राग आला. मी फोन लावला.

“अहो, या परत! पोरगं उपाशी आहे.”

“मी दिसली तं तो तिच्याकडं जाईन का, सर?”

“पण तो रडतोय.”

“रडू द्या. तिच्यापाशीच रडून राह्यला ना?” त्या म्हणाल्या. “भूक लागली की खाईन. तिनंच चारलं पाह्यजे.”

तो जेवला. कुलपावर हात आपटणं सोडायला मात्र त्याला बरेच दिवस लागले. एका दुपारी आई त्याला खांद्यावर निजवून शाळेवरून गेली, तेव्हा मी फोन करून कळवलं. “बरं झालं,” त्या म्हणाल्या.

आत्याबाई आमच्या गावात पुन्हा आल्या नाहीत. संस्थेला सांगून त्यांनी लांबचं वसतिगृह मागून घेतलं. पूनम आता बदनापूरला कॉलेजात जाते. सोनू माझ्याच शाळेत आहे, दांडगा आहे, आणि आत्या कोण हे त्याला सांगूनही आठवत नाही.

सणासुदीला त्यांचा फोन येतो. त्या एकेका पोराची नावानं चौकशी करतात. सोनूचं नाव काढत नाहीत. मीच सांगतो, वाढलाय, पाढे म्हणतो, मारामाऱ्या करतो. त्या सगळं ऐकून घेतात.

“आईपाशीच निजतो ना?” शेवटी विचारतात.

मी हो म्हणतो. मग त्या फोन ठेवतात.