हौश्याचं आवतन

जगात ट्रकला जेवणाचं आवतन देणारा माणूस एकच असेल, आणि तो माझा थोरला साडू आहे. आकड्यांच्या बाबतीत मी सैल बोलत नाही, म्हणून 'जगात' हा शब्द मागे घेऊन 'हिंगोली जिल्ह्यात' म्हणतो. तेवढ्याची मला खात्री आहे. जवळा बाजारच्या अलीकडे एका गावात साडूभाऊ राहतात. घरी बैल नाहीत, दहाचाकी ट्रक आहे. त्याचं नाव हौश्या. हे नाव ट्रकवर कुठेही रंगवलेलं नाही, कारण साडूभाऊंच्या मते बैलाच्या पाठीवर कुणी त्याचं नाव लिहीत नाही. चढ लागला की ते स्टेअरिंगवर थोपटून "चाल, आलंच आता" म्हणतात. मागून कुणी हॉर्न वाजवला तर खिडकीतून डोकं काढून "काहून वरडून राहिला त्याच्यावर?" असं विचारतात. धाब्यावर आधी हौश्याच्या टायरांवर पाणी मारतात आणि मगच स्वतः जेवायला बसतात. ट्रकला यातलं काय कळतं, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "साडू, तुमाला तरी कुठं सगळं कळतंय? आमी बोलतोच की तुमच्यासंग."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणायची आमच्याकडे रीत आहे. हौश्याचेही खांदे मळले जातात. बंपरच्या वरचा पत्रा म्हणजे खांदा, असं पहिल्या वर्षीच ठरलं होतं. मी हिंगोलीहून मुद्दाम जातो, कारण माझ्याकडे दोन कामं असतात. एक, हळद-तुपाची वाटी धरायची. दोन, मळणी झाली की मीटरवरचे किलोमीटर वाचून केबिनच्या दाराला आतून रंगानं लिहायचे. बैलाचं वय दातावरून कळतं आणि हौश्याचं मीटरवरून, असा त्यांचा हिशेब. दारावर आता अकरा ओळी झाल्या आहेत. यंदाची ओळ ६,८३,४१२.

यंदा मात्र घोटाळा झाला. कुठल्याशा धाब्यावर एका ड्रायव्हरनं साडूभाऊंना सांगितलं की आजकालच्या इंजिनाला कंप्युटर असतो. बाजूला बोल्टांनी बसवलेला तो चपटा डबाच डिझेल किती सोडायचं ते ठरवतो, सगळा भार त्याच्यावर. साडूभाऊ हादरले. "म्हंजे इतकी वर्सं आपुन भलताच खांदा मळून राहिलो!" त्यांनी त्या डब्याची वायरिंगची पिन उपसली आणि बोटानं आतपर्यंत हळद-तूप भरलं. बारीक भोकं बुजेपर्यंत भरलं, मग पिन परत दाबून बसवली. खरं सांगायचं तर वाटी माझ्याच हातात होती, आणि "आणखी घ्या" असंही मीच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी झूल घालून, गळ्यात घुंगरमाळ बांधून हौश्या बैलांच्या रांगेच्या शेवटी निघाला. वेशीवरच्या तोरणाखालून गेला आणि मारुतीच्या देवळासमोर दोन आचके देऊन बंद पडला. "काका, तुमचा बैल बसला व्हय?" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्यानं सुचवलं, तीन जोड्या जुंपून ओढून नेऊ. साडूभाऊ कडाडले, "पोळ्याच्या दिवशी बैल जुपता? लाज न्हाई वाटत?" मग शांत होऊन त्यांनी जाहीर केलं की आज सगळ्यांनाच सुट्टी आहे, हौश्यानं आपली आपण घेतली. पुरणपोळीचा नैवेद्य देवळासमोर बंपरवरच झाला.

तिसऱ्या दिवशी हिंगोलीहून मिस्त्री आला. लॅपटॉप जोडला, तर डबा बोलेना. पिन उपसली, तर बोट पिवळं. त्यानं वास घेतला. "काका, इसमें भजे किसने तले?"

"हळद हाय. घरचं तूप हाय," साडूभाऊ अभिमानानं म्हणाले.

"इसीलिए मर गया बेचारा. नवा टाकावा लागंल."

नव्या डब्याला साडूभाऊंची हरकत नव्हती. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "नव्याला मागचं आठवंल का?" मिस्त्री म्हणाला, नाही. गाडी किती चालली ते या डब्यात असतं. जुना जिवंत असता तर उतरवून घेतलं असतं. नवा शून्यापासून मोजणार. "अच्छाच है ना काका, विकताना गाडी नवी दिसंल!"

साडूभाऊ देवळाच्या पायरीवर बसले. "अकरा वर्सं माझ्यासंग चालला, अन् तुमी म्हंता कुटंच गेला न्हाई? मंग तो माझा हौश्या न्हाई. मी न्हाई चालवनार. घेऊन जा."

कुणी हसलं नाही. एकदा आमटीवरून चिडून त्यांनी वांगं सोडलं, त्याला एकवीस वर्षं झाली. आणि वांग्यावाचून भागतं. ट्रकवाचून त्या घराचं भागणारं नव्हतं. माझी मेहुणी चहा घेऊन आली होती, ती कप खाली न ठेवता तशीच उभी राहिली.

"आकडा हातानं भरता येतो," मिस्त्री म्हणाला, "पण एकदाच. अन् बराबर पाहिजे. कुणाला ठाऊक हाय?"

मी केबिनचं दार उघडलं. त्यानं शेवटची ओळ टाइप करायला घेतली. मी म्हणालो, "थांबा. ही ओळ आदल्या संध्याकाळची. पोळ्याला गाडी दीड किलोमीटर चालली. घरापासून वेशीपर्यंत एक, पुढे मारुतीपर्यंत अर्धा." मिस्त्रीनं कपाळाला हात लावला, डबा अर्धा घेत नव्हता. वर करावा की खाली, यावर माझं काही ठरेना. शेवटी साडूभाऊच पायरीवरून उठले. "अर्धा सोडा. तेवढा देवाच्या नावानं."

६,८३,४१३. मिस्त्रीनं बटण दाबलं. तिसऱ्या चावीला हौश्या धुरळा उडवत सुरू झाला. साडूभाऊंनी आधी मीटर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चहा घ्या, गार होऊन राहिला."

संध्याकाळी ते जुना डबा पुसून गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवायला गेले. मीही मागे गेलो. रिकाम्या गोठ्यात दोन खुंटे तसेच आहेत. त्यांच्याकडे पाहत ते म्हणाले, "पहिला हौश्या हितं बांधत होतो. त्याचा जोडीदार तिकडं. ट्रकसाठी जोडी इकली, ती पोळ्याच्या आठ दिस आधी. ट्रक आला दसऱ्याला. त्या साली खांदे मळायचे राहूनच गेले. बिनआवतनाचे गेले ते."

मी आजवर दारावरच्या अकरा ओळी मोजत आलो होतो. त्यांच्या आधीचा एक पोळा माझ्या मोजणीतून सुटला होता.

"साडू," ते म्हणाले, "इतक्या वर्सांनी दिलं तर पोचतं का हो आवतन?"

कोनाड्यात परवाची वाटी होती, तळाला थोडं हळद-तूप उरलेलं. मी ती उचलून त्यांच्यापुढे धरली.